तिळाएवढं कुंकू

माझा भाऊ बियाण्याच्या कंपनीत नोकरीला लागला आणि जुन्या जालन्यात खोली करून राहू लागला, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी माझ्या घरी आला आणि चहाची बशी फुंकता फुंकता म्हणाला, "अक्का, माय स्वप्नात येते ना, तिच्या कपाळाला कुंकू असतं. हे एवढं मोठं. असं कसं?"

म्हणतात ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. पण याच्या मनात ते वसलं कधी? बाप गेला तेव्हा हा रांगत होता. मायचा कुंकू लावलेला एक फोटोसुद्धा घरात न्हाई. मी म्हणाले, "रात्री वांग्याची भाजी खाऊन झोपत जाऊ नको," आणि विषय मिटवला. तो हसला. मी मात्र त्या दिवशी दुपारभर झोपेत चालल्यासारखी घरातल्या घरात वावरत होते. ते कुंकू मी लावलेलं होतं, माझ्या बोटानं.

आमचं गाव जांब समर्थच्या अलीकडं. मी तेव्हा तिसरीत होते. बापाला कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि माय त्याला घेऊन औरंगाबादला दवाखान्यात जाऊन राहिली. तान्हं लेकरू तिथं कुठं नेणार? ते राहिलं मोठ्या मायजवळ, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीजवळ. मोठ्या मायला मूलबाळ न्हाई. आवाज असा की बोलली तर अंगणातल्या कोंबड्या पळायच्या. पण त्या लेकराला वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजताना ती इतकं हळू बोलायची की मला काही ऐकू यायचं न्हाई. दोघी जावांचं कुंकू सारखंच होतं, जालन्याला मस्तगडच्या एकाच दुकानातून आणलेलं, मेणावर लावलेलं, बंद्या रुपयाएवढं.

पोळा झाला आणि बाप गेला. माय परत आली ती पांढरं कपाळ आणि मोकळे हात घेऊन. तिनं दारातच लेकरासाठी हात पसरले. लेकरानं तिच्याकडं पाहिलं, ओठ काढले आणि असं किंचाळलं की गल्ली गोळा झाली. मोठ्या मायच्या पदरात तोंड खुपसून बसलं ते बसलंच.

"विसरलंय. चार रोजात ओळखील बराबर," बायका म्हणाल्या. कुठलं काय! माय जवळ गेली की रडं सुरू. ते झोपल्यावर ती त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि ते जरा चाळवलं की दचकून परत मोठ्या मायकडं द्यायची. एकदा चुलीपुढं बसून मला म्हणाली, "नवरा तर गेला. आता लेकरू बी गेलं का गं माझं?" मला त्या पोराचा असा राग यायचा! एकदा मी त्याला चिमटा काढला आणि मोठ्या मायचा धपाटा खाल्ला.

आता मी शाळेत शिकवते. डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राच्या तासाला बाईंनी सांगितलं, की चेहरा ओळखणं हे नुसत्या डोळ्यांचं काम न्हाई, मेंदूचं आहे, आणि मेंदू ते सावकाश शिकतो. तान्हं मूल ठळक दिसेल तेवढं धरतं, केसांची कड, एखादी खूण. नाक, डोळे, ओठ यांची मांडणी मिळून एक माणूस होतो, हे मुरायला वर्षं लागतात, पार दहा-बारा वर्षांचं पोर होईस्तोवर. सगळ्या पोरी लिहून घेत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला जांबची रामनवमीची जत्रा आठवत होती. तिथं मी बाप समजून एका गुलाबी फेट्यामागं रेवड्यांच्या दुकानापर्यंत चालत गेल्ते. फेटा वळला तर त्याच्याखाली भलताच माणूस! मी असं भोकाड पसरलं की त्या बिचाऱ्यानंच मला रेवडी दिली. बापाचं तोंड कसं होतं असं आज कोणी विचारलं, तर मला खरंच सांगता येत न्हाई. फेटा सांगता येतो.

तर ते दुखवट्याचं वर्ष होतं, सण धरायचा नव्हता. तरी खंडेनवमीला विळी, मुसळ आणि जात्याला दोन बोटं हळदकुंकू लावल्याशिवाय मोठ्या मायला चैन पडेना. बोटाला राहिलेलं कुंकू तिनं चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या घागरीला लावलं. लेकरू ओसरीवरून रांगत आलं आणि घागरीपाशी थांबलं. तिच्या गोल पोटावर तो लाल टिळा. पोरानं दोन्ही हातांनी घागर थोपटली, तिला गाल लावला आणि खुदकन हसलं. "मा," म्हणालं. "मा, मा."

मोठी माय हसून हसून खाली बसली. "अगं बाई, घागर झाली का रे तुझी माय!" मी बी हसले. मंग आम्हाला दिसलं की माय दारात उभी आहे. ती हसत नव्हती. ती घागरीवरच्या कुंकवाकडं बघत होती.

दसरा झाला, कापसाची पहिली वेचणी घरात आली. एका दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, मायनं मला कापसाच्या खोलीत बोलावलं.

"देवळीतला करंडा आण. आणि तूच लाव मला. मी माझ्या हातानं लावायची न्हाई."

"माय, पाप लागंल."

"लागू दे. लेकरापुढं पाप काय घेऊन बसलीस?"

आधी मेण, मंग कुंकू. गोल वाकडंतिकडं झालं. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप येत होती, तिच्यात बारीक कापूस तरंगत होता, आणि त्या पांढऱ्या ढिगावर माय बसली होती, भरल्या कपाळाची, मधलं काही झालंच न्हाई अशी. मला वाटलं, आता बाहेरून बाप हाक मारील. अजूनही ती दुपार मी खरंच पाहिली की झोपेत, असा मला कधीकधी संशय येतो.

मी लेकराला उचलून आत आणलं. ते बघत राहिलं. ओठ काढले, परत मिटले. मंग कापसात बुडत, पडत, हसत ते तिच्याकडं गेलं, आणि तिनं त्याला असं आवळलं की मला भ्याव वाटलं, गुदमरतंय की काय.

तेवढ्यात दार ढकलून मोठी माय आत आली. करंडा शोधत आल्ती. तिनं मायचं कपाळ पाहिलं, माझ्या हातातला करंडा पाहिला. झालं, म्हटलं, आता हिचा आवाज पार जांबपर्यंत जाणार. ती चौकटीला धरून उभी राहिली. सगळ्यात जास्त वेळ तिनं लेकराकडं पाहिलं. लेकरानं तिच्याकडं ढुंकूनही बघितलं न्हाई.

"उद्यापासून जरा लहान लाव," ती मला म्हणाली, दूध पाजताना बोलायची तितक्या हळू. "रोज थोडं थोडं कमी. अंगावरचं दूध तोडतात ना, तसं. एकदम तोडलं की लेकरू झुरतं."

मंग दार लोटून ती बाहेर ओसरीवर तूर निवडत बसली. कोणी आलं की सांगायची, "पोरं झोपलीत, मंग ये." रोज दुपारी हेच, आणि बाहेर यायच्या आधी माय कुंकू पुसून टाकायची. लेकरू तिच्या हातून चाललं होतं आणि पहारा तीच देत होती, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मला आपली मजा वाटायची.

दिवाळी गेली तेव्हा कुंकू चार आण्याएवढं झालं होतं. मंग तुरीच्या दाण्याएवढं, मंग मुगाएवढं. लेकरू आधी कुंकू बघायचं, मंग त्याची नजर हळूच खाली उतरायची, मायच्या डोळ्यांवर, नाकावर, ओठाशेजारच्या तिळावर. बोटानं चाचपून बघायचं. कधी मधेच थांबायचं, गोंधळायचं, परत वर कुंकवाकडं जायचं. मी शेजारी कापसात लोळत ते बघत असायची. डी.एड.च्या बाईंनी फळ्यावर काय काढून दाखवलं होतं ते मी विसरले, पण ती नजर विसरले न्हाई.

संक्रांत आली. दुखवट्यामुळं मोठ्या मायनं हळदीकुंकू ठेवलं न्हाई, पण गल्लीतल्या बायकांना कोण अडवणार? सवाष्ण म्हणून तिला वाण द्यायला आल्याच. ओसरीवर जिकडं तिकडं भरलेली कपाळं, लेकराला तर जत्राच झाली. मायनं त्यांच्यापुढं यायचं न्हाई, म्हणून ती कापसाच्या खोलीत बसली होती. मी तिच्यापुढं बसून करंड्यात बोट बुडवलं. आज तिळाएवढं लावायचं ठरलं होतं.

तेवढ्यात उंबऱ्यात लेकरू दिसलं. नुकतंच पाऊल टाकू लागलं होतं. मागून बायका बोलवून राह्यल्या होत्या, "ये, ये, माझ्याकडं ये." मोठी माय तीळगूळ दाखवत होती. त्यानं मागं वळून पाहिलं न्हाई. दाराला धरून त्यानं मायच्या कोऱ्या कपाळाकडं बघितलं, मंग खाली तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि स्वच्छ म्हणालं, "माय."

मायनं त्याला ओढून घेतलं. हसत होती, रडत होती, त्याचे मुके घेत होती. मला इतका आनंद झाला की मी कापसावर उडी मारणार होते. मंग मला माझं बोट दिसलं, कुंकवानं माखलेलं, तसंच हवेत धरलेलं.

"लावू ना?" मी विचारलं.

तिनं लेकराच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं. तिचा हात कपाळाकडं गेला आणि मधेच थांबला. बाप गेल्यावर ती पांढऱ्या कपाळानं दारात येऊन उभी राहिली, तेव्हासुद्धा तिचं तोंड असं झालं नव्हतं.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "ओळखलं ना त्यानं. आता कशाच्या नावानं लावू?"