बोकड खरं, औषध खोटं

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून माझ्या मामेसासऱ्यांइतका संतापी माणूस सापडणार नाही, आणि त्यांचा सगळा संताप एकट्या बातमीवर आहे. भाऊबंदांनी बांध कोरला तेव्हा ते हसले. उसाची तोड लांबली तेव्हा त्यांनी टोळीच्या मुकादमाला बसवून चहा पाजला. पण कोणी मोबाइल पुढे करून "मामा, हे बघा काय आलंय," म्हणालं की त्यांच्या कपाळाची शीर उभी राहते. "गाव कुठलं? बघितलं कुणी?" एवढंच ते विचारतात, आणि उत्तर आलं नाही तर समोरच्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेतात. "गाव नसलेली बातमी म्हंजे दावं तुटलेली म्हस. कुणाच्याबी रानात शिरती," असं त्यांनी एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांना सुनावलं होतं. साखरपुडा मोडता मोडता राहिला.

आमच्याकडे दुभती गाय विकत घेताना घेणारा स्वतः खाली बसून धार काढून बघतो. विकणाऱ्याच्या शब्दावर कोणी जात नाही. मामांनी हा बाजाराचा रिवाज बातमीला लावला होता. लासुर्ण्याहून ते स्कूटरवर निघत, आणि त्या स्कूटरला ब्रेक कमी नि हॉर्न जास्त. कालव्याच्या कडेला नागमणी चमकतो म्हणून लोक नारळ फोडत होते, तिथे हे गर्दीत घुसले आणि बांधाच्या फटीतून ट्रॉलीचा तुटका लाल रिफ्लेक्टर ओढून काढला. "फोडल्यात ती नारळं खावा आन् घरी जावा," म्हणाले. उलट काटेवाडीला कोंबडीच्या अंड्यात अख्खं अंडं निघालं, ते मी थाप म्हणून उडवून लावलं होतं. मामांनी तिथे जाऊन आपल्यादेखत तसलंच दुसरं मोठं अंडं फोडायला लावलं. आत दुसरं अंडं. खरी निघालेली बातमी त्यांना जास्त झोंबायची. "खरं हाय," असं ते अशा तोंडानं सांगत, की जणू कोंबडीनं त्यांचा चारचौघांत अपमान केलाय.

बावड्याजवळच्या एका वस्तीवर बोकड दूध देतो, ही बातमी आली तेव्हा सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त. मामा मला मागे बसवून घेऊन गेले. मालकाच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता चार शेळ्या आणि हा बोकड. तो म्हणाला, "बघा की आबा, बघायला काय जातंय. पर लाथ घालतंय." मामा बोकडाखाली बसले. लाथ खाल्ली. मग खरोखर दोन धारा भांड्यात पडल्या. मामांनी बोट बुडवून चाखलं आणि बोकडावर डोळे वटारले, "बाप्या गडी ना रं तू? लाज न्हाय व्हय?" मी ते सगळं मोबाइलवर घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं.

आठवडाही झाला नसेल, तेच चित्रण मला दुसरीकडून परत आलं. तेच मामा, तोच बोकड, आणि खाली कोणीतरी चिकटवलेली ओळ: या दुधानं साखरेचा आजार कायमचा जातो, गोळ्या बंद करा. ती ओळ लिहिणाऱ्याचा मला आजही राग येतो. पण मी तरी काय केलं? ती थाप आहे, एवढं चार शब्दांत लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. माझ्या पंपाच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक "ते तुमचे मामा ना?" म्हणून विचारत होतं आणि मला ते बरं वाटत होतं.

मामांना कळलं तेव्हा ते वस्तीवर धावले. दारात बाटल्या घेऊन रांग. "बोकड खरं हाय, औषध खोटं हाय," ते घसा फोडून ओरडत राहिले. रांगेतला एक जण शांतपणे म्हणाला, "आबा, धार तर तुमीच काढली." दुसरा म्हणाला, "आता दूध कमी पडाय लागलं म्हून आमाला हाकलताय व्हय?" माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. निव्वळ थाप चार पावलंही चालली नसती. ती मामांच्या खरेपणाच्या पाठीवर बसून गावोगाव गेली होती.

घरी मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. मामींना दहा वर्षांची साखर. शेजारीण गुपचूप दूध आणून देत होती आणि मामींनी गोळ्या डब्यात तशाच ठेवल्या होत्या. एका सकाळी त्या चुलीपाशी बसल्या जागी कलंडल्या. बारामतीला दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्या तेव्हा मामा खाटेशी उभे राहून जे सुरू झाले, ते नर्सलाही थांबवता येईना.

"मी गावभर बोंबलत फिरतोय खोटं हाय म्हून, आन् तू घरात पितीस?"

"मला वाटलं, रांग मोडावी म्हून म्हणत असचाल," मामी म्हणाल्या. "आदी तुमीच म्हणला की खरं हाय."

"दुधाचं म्हणलं हुतं मी. दुधाचं."

"मला त्यातलं काय कळतंय? तुमी खरं म्हणला, मी प्याले."

मामा हळूच स्टुलावर बसले. मामी वाचल्या, पण एका डोळ्यानं त्यांना आता धुरकट दिसतं.

त्यानंतर कोणी एखादी बातमी खरी की खोटी ते विचारायला आलं की मामा म्हणतात, "मी एवढंच बघितलं. म्होरलं मला म्हाईत न्हाय." असल्या उत्तरासाठी लासुर्ण्यापर्यंत कोण येणार? लोक येईनासे झाले. ओळ लिहिणारा कुठेतरी सुखात आहे, नवी ओळ लिहीत असेल. गप्प बसले ते मामा.

गेल्या रविवारी मी मुद्दाम एक भिकार थाप घेऊन गेलो. उजनीच्या पाण्यात जलपरी सापडली म्हणे. ना कोणाचं नाव, ना कसला पत्ता. वाटलं, शिव्या घालतील, स्कूटरची किल्ली शोधतील. मामा ओसरीवर मामींच्या डोळ्यात औषध घालत होते. थेंब नीट आत पडेपर्यंत त्यांनी श्वासही रोखून धरला होता. मग मामींच्या गालावर ओघळलेलं धोतराच्या सोग्यानं टिपलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "असंल, जावई. कुणाला ठावं."