बुजवलेली भोकं

सुतारकाकांना फट दिसली की हात शिवशिवायचे. लाकडातली भेग पुट्टी भरून बुजवायची, घासायची, वरून पॉलिश मारायचं. भेग कुठे होती ते गिऱ्हाइकाला शोधूनही सापडू नये. जन्मभर त्यांनी हेच केलं आणि उत्तम केलं. पण हातोडीवाल्याला सगळीकडे खिळेच दिसतात, तसं काकांना जगात फक्त फटी दिसायच्या.

त्यांचं घर टेकडीच्या उताराखाली, एका रांगेत. माती घसरू नये म्हणून सगळ्या घरांमागून एकच दगडी बांध गेलेला. बांध आणि घर यांच्यात जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ, आणि बोळीला लागून झोपायची खोली.

काकूंना दमा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, खोलीत ओल आणि बुरशी राहिली तर छाती कायमची जाईल. तेव्हापासून काकांनी पाण्याशी हाडवैर धरलं. थंडीत भिंतीच्या भेगा भरायच्या, उन्हाळ्यात गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे हात मारायचे, पावसाआधी पन्हाळीतला पाला काढायचा, पाऊस सरला की शेवाळ खरवडायचं. वर्षभर सुट्टी म्हणून नाही.

"माझ्यापेक्षा भिंतीलाच जास्त गोंजारता तुम्ही," काकू म्हणायच्या.

"भिंत उलटून बोलत नाही," काका म्हणायचे, आणि दोघं हसायची. तेव्हा काकूंना हसल्यावर खोकला येत नसे.

एका पावसात काकांना बांधाच्या तळाशी भोकं दिसली. एकेका भोकातून पाण्याची धार बोळीतल्या गटारात पडत होती. टेकडीचं पाणी आपल्या घरावर येतंय! काकांचं डोकंच फिरलं. पाऊस थांबताच त्यांनी सिमेंट कालवलं आणि एकूणएक भोक असं बुजवलं, की नवा माणूस दगडावरून हात फिरवूनही ओळखणार नाही. बोळ कोरडी ठणठणीत झाली. काका खूश!

पुढच्या पावसापासून खोलीची भिंत खालून ओली व्हायला लागली. काकांनी प्लास्टर पाडून नवं केलं. ओल आणखी वर चढली. त्यांनी वरून रंग दिला, तर रंगाला फोड आले आणि फोडांखाली काळी बुरशी. दर वर्षी काका जास्त राबत गेले आणि दर वर्षी काकूंचा श्वास आखूड होत गेला. शेवटी अंथरुणातून मोरीपर्यंत जायचं तरी त्यांना मध्ये स्टुलावर टेकावं लागे.

यंदा काका शेजारच्या ड्रायव्हरकडे दाराचं बिजागर बसवायला गेले होते. त्याच्या मागच्या दारातून पाहिलं, तर बांधातून धो धो पाणी गटारात पडतंय. काकांना कीव आली. "भोकं बुजवून देऊ का रे? माझी मी कधीच बुजवली."

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, ती पाणी जायलाच ठेवलीत. बुजवली तर पाणी कुठे जाणार? घराखालीच ना?"

काका बिजागर तसंच लोंबकळत सोडून घरी आले. छिन्नी घेऊन बोळीत बसले. पहिलं सिमेंट फुटलं आणि गढूळ पाणी त्यांच्या छातीवर उसळलं. सगळी भोकं मोकळी करून ओल्या कपड्यांनिशी ते काकूंपुढे उभे राहिले. "ओल मीच आणली गं. मीच."

त्यांनी सगळं सांगितलं. काकू बराच वेळ दम गोळा करत होत्या.

"मुद्दाम नाही केलंत, कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण माझा राग जात नाहीये. काय करू?"

त्याच आठवड्यात लेक येऊन आईला घेऊन गेली.

उन्हं पडली तशी भिंत सुकत गेली. काकांनी बुरशी खरवडली, चुना मारला आणि लेकीला फोन केला. "खडखडीत वाळलीय बघ. आईला कधी आणतेस?"

"बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता ऑक्सिजन कायमचा. जागा कोरडी असली काय आणि ओली असली काय, फरक पडणार नाही. आणि आई म्हणते, तिला त्या खोलीत यायचं नाही."

काकांनी बरं म्हटलं. मग खोलीत जाऊन त्यांनी काकूंची गादी उन्हात टाकायला काढली, आणि दारापर्यंत नेऊन परत आणून ठेवली.