जळबाच्या लेकाचं शेवटचं कडवं

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. सकाळी नळ आला. ऊन चढल्यावर डोंगरकडा गावचे धम्मानंद गुरुजी शेजारी आले. रत्नपालचं लग्न मोडलं.

दुपारी वहीत एवढंच लिहिलं. आधी घडलं ते लिहावं, मनातलं मागाहून, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत. हे मागाहूनचं.

रत्नपाल हा आमच्या शेजारच्या भागूबाईंचा मुलगा. त्याचे वडील जळबा माझ्या यजमानांबरोबर कळमनुरीच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळी त्यांची गायन पार्टी असे. भीमजयंतीला आसपासची गावं त्यांना बोलावत. पार्टीचा एक रिवाज होता. शेवटच्या कडव्यात गाणाऱ्यानं आपलं, बापाचं आणि गावाचं नाव घ्यायचं. ज्या गाण्यात नाव नाही त्याला जळबा बेवारशी म्हणत. रत्नपाल त्या पार्टीतच कोरसात टाळ्या देत मोठा झाला.

जळबा गेले आणि पोरगा पुण्याला गेला. कंपनीत सुपरवायझर आहे, मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो, असं त्यानं आईला कळवलं. पुढे त्याचं गाणं आलं. त्यात उड्डाणपूल होते, नदीपलीकडच्या उंच इमारतींचे दिवे होते, टेकडीवर फिरणारी जोडपी होती. ठेका काँक्रीट कालवणाऱ्या मशीनवरून सुचला, असं त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. कंपनीत जाता-येता ते मशीन दिसत असेल, असं मी धरून चालले.

कळमनुरीत त्या गाण्याशिवाय वरात निघेना. डीजेवाले दोन कडवी वाजवून दुसरं गाणं लावत, त्यामुळे लोकांना तेवढंच पाठ. ते ऐकून इथली पोरं पुण्याची स्वप्नं बघू लागली. डोंगरकड्याचं स्थळही त्यावरच चालून आलं. गुरुजींची मुलगी आकांक्षा नर्सिंग झालेली, गुणी. होणाऱ्या जावयाचं कौतुक म्हणून गुरुजींनी शाळेत शिक्षकांना गाणं मोबाईलवर ऐकवलं, आणि सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

तेच शेवटचं कडवं त्यांनी आज भागूबाईंच्या अंगणात लावलं. घरात मोठं माणूस नाही म्हणून भागूबाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

जळबाचा लेक रत्नपाल गातो, गाव त्याचं कळमनुरी
पुलाच्या खांबाशी बिऱ्हाड त्याचं, आईला सांगू नका तरी

भागूबाई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी परत लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "गाणं हाय ते, गुरुजी. गाण्यात माणूस कायबी म्हणतं."

"बापाचं नाव घेऊन म्हणतं का, ताई?"

गुरुजी तसे दुष्ट नाहीत. त्यांनी आमच्यासमोरच रत्नपालला फोन लावला, स्पीकर चालू ठेवला आणि सुटकेची वाटही दाखवली. "तू हे कल्पनेनं लिव्हलं असशील तर तसं म्हण. मी शाळेत तसंच सांगतो. साखरपुडा ठरल्या दिवशी होईल."

त्याच्या मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर भागूबाईंना सून मिळाली असती. त्या फोनकडे बघत नुसती होकाराची मान हलवत होत्या, जणू त्याला तिकडे दिसणार होतं.

"सुपरवायझर खोटा हाय, गुरुजी," तो म्हणाला. "मी साइटवर वॉचमन हाय. पुलाखाली पत्र्याच्या खोलीत राहून राहिलो. गाणं खरं हाय. बाबाच्या नावानं खोटं कसं गाऊ?"

मग ते कडवं ठेवलंसच काहून, असं आईनं विचारलं. स्टुडिओवाला ते कापायला निघाला होता, बाकी सगळं त्यानं आपल्या मर्जीनं बदललंही, पण एवढं मी कापू दिलं नाही, असं तो सांगू लागला. गुरुजींनी फोन बंद करून खिशात टाकला.

मला राहवलं नाही. तुमच्या पुतण्याच्या वरातीत तुम्हीच या गाण्यावर घाम निघेतो नाचलात ना, असं मी विचारलं.

"नाचायला चालतं, बाई," ते चप्पल पायात सरकवत म्हणाले. "पोरगी द्यायला न्हाई चालत."

या गाण्यासाठी पुण्यानं त्याला पाठ टेकायची जागा सोडून सगळं दिलं. आपल्या लोकांनी दोन कडवी घेतली. तिसरं ज्यांनी ऐकलं, त्यांनी त्याला माणसांतून उठवलं. आणि यात कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. गुरुजी आज रात्री शांत झोपतील. उद्या कोणाच्या तरी वरातीत पोरं पुन्हा नाचतील.

भागूबाई बराच वेळ अंगणात बसून होत्या. पोरगं डासात झोपून राहिलं आणि मी इथं पंख्याखाली, एवढंच बोलल्या. मी चहा केला, त्यांनी घेतला नाही.

रात्री वहीत लिहिलं: साखरपुड्यासाठी पाडलेली बुंदी भागूबाईंनी गल्लीत वाटून टाकली. आमच्याकडे पातेलंभर आली, झाकून ठेवली.