बेसिनमधली सुपारी

तीन दिवसांपासून आमचं बाथरूमचं बेसिन तुंबलं होतं. "तुह्याच केसायनं तुंबलं," असं सासूबाई ऐकवून राहिल्या होत्या.

आज मीच बेसिनखालच्या पाइपाची, कचरा अडकते ती बाटली खोलली. आतून तपकिरी तुकडे निघाले. मले वाटलं, सुपारी. यांनी तर दिवाळीपासून सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला होता. मी यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मग तुकडे पाण्यात चोळले, तर फेस आला. सासूबाई म्हणाल्या, "त्या माह्या रिठ्याच्या साली हायेत व. केसं धुतल्यावर वाटी तिथंच उपडी केली."

इतकं हायसं वाटलं, की त्यांच्यावर चिडायचं राहूनच गेलं.

बाटली परत लावली, तर बेसिनचं पाणी घळघळ गेलं. मागून हे म्हणाले, "तुले माह्यावर भरोसा काहून नाई?"

कोणाजवळ याचं उत्तर असलं तर सांगा. मी मघापासून बेसिनच पुसून राहिली.