कोंबडीचं ऐकणारा

"कशाला?" हा त्याचा शब्द. नुसता तोंडाने म्हणायचा नाही. आधी हनुवटी वर करायची, डावा डोळा बारीक करायचा आणि मग, "कशाला?" बस म्हटलं की उभा राहायचा. सरक म्हटलं की तिथेच पाय रोवायचा. असा एखादा पोरगा तुमच्याही आळीत असेल आणि तुम्ही त्याला शिव्या घातल्या असतील. मीही घातल्या.

ऐंशीनंतरची गोष्ट, साल मला आठवत नाही. मी डहाणूच्या एका चिकूवाडीत राखणीला होतो, बायको तिथेच चिकू धुवायला. आम्हाला मूल नव्हतं. हे एकदाच सांगतो, पुन्हा मध्ये आणणार नाही.

हा तेरा-चौदाचा असताना मामाबरोबर वाडीत कामाला आला. वेवजीकडची माणसं. आई मेलेली, बापाने दुसरं घर केलेलं. शाळेत मास्तर म्हणाले कान धर, याने धरले नाहीत. मारलं, तरी धरले नाहीत. शेवटी मास्तरांचाच हात दुखला. "हा पोरगा पुढे वाया जाणार," असं मास्तरांनी मामाला सांगून ठेवलं होतं. मामा ते सगळ्यांना सांगायचा, पोराच्या समोर, पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं.

चिकूवर तपकिरी भुकटी असते. टाकीच्या पाण्यात घासून ती काढायची, मग मोठे-लहान वेगळे करायचे. एकदा शेठ वाडीत फिरताना म्हणाला, "ए छोकरा, हात चलाव जरा."

"तुझे मोकळेच आहेत की," हा म्हणाला. शेठलाही तू म्हणायचा. बाया पदर तोंडात घालून हसल्या. मामाने त्याच्या कानफटात ठेवून दिली. पोरगा रडला नाही. उरलेला दिवस टाकीकडे बघत बसला, एका चिकूला हात लावला नाही.

माझ्या बायकोने त्याला कधी काही सांगितलंच नाही. आमच्याकडे एक लंगडी कोंबडी होती, बायको तिच्याशी बोलायची. "काय गं लंगडे, टाकीतलं पाणी गढूळ झालं. आता कोण बदलणार?" एवढं बोलून पाठ फिरवायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. वळून बघायची नाही. थोड्या वेळाने टाकी लख्ख. "लंगडे, भाकरी उरली गं. कुत्र्याला घालावी लागणार." भाकरी गायब.

मी चिडायचो. "हे काय सोंग लावलंय? सरळ सांग की त्याला."

"सरळ सांगितलं की त्याला मार आठवतो," ती म्हणायची. "तुम्ही नका मध्ये पडू."

वाडीत सगळे चेष्टा करायचे, पोरगा माणसाचं ऐकत नाही, कोंबडीचं ऐकतो. मामाला वाटलं, हे सोपं आहे. एक दिवस तो कोंबडीपुढे कमरेवर हात ठेवून ओरडला, "ए कोंबडे! सांग त्याला, ती पाटी उचल म्हणावं!"

पोरगा म्हणाला, "तिला सांगितलंस ना? ती उचलेल."

अशा रीतीने मिसरूड फुटून दाढी येईपर्यंत तो वाडीत टिकला. लंगडी कोंबडी कधीच मेली. नंतरच्या सगळ्या धडधाकट होत्या, पण बायको त्यांनाही लंगडेच म्हणायची.

मग तिच्या पोटात गाठ झाली आणि ती गेली. त्या दिवशी दारात गर्दी. कोणी त्याला म्हणालं, पाया पड. पडला नाही. खांदा दे. दिला नाही. "मेल्या, तिच्या हातचं खाल्लंस ना रे?" एक बाई ओरडली. हा हनुवटी वर करून उभा. मला त्याचा भयंकर राग आला. आम्ही स्मशानातून परत आलो तर दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली, चुलीवर आंघोळीचं पाणी कढत, लाकडं फोडून भिंतीला रचलेली. तो नव्हता. कोंबडीही नव्हती.

कोंबडी मला पुढे अच्छाडला दिसली, हायवेवरच्या एका धाब्याच्या मागे. तो तिथे कामाला लागला होता. ते काम दोन आठवडेही टिकलं नाही. मालक म्हणाला टेबल पूस. हा म्हणाला, "कशाला? लोक ताटात जेवतात, टेबल चाटत नाहीत." मग ट्रकवर क्लीनर झाला. ड्रायव्हरने वापीजवळ उतरवून दिला, तिथून चालत आला. फुग्यांच्या कारखान्यात गेला, तिथेही मुकादमाशी वाजलं. तो आळशी नव्हता हो. हुकूम कानावर पडला की त्याचं अंग लाकूड व्हायचं.

त्यानंतर भेटला तेव्हा अंगात नवा शर्ट होता. हद्दीपलीकडे गुजरातेत दारूबंदी. उधवा गावाकडून शेताशेतातून बाटल्या पलीकडे पोचवायच्या, हे त्याचं काम.

मी म्हटलं, "लाज नाही वाटत? सोड हे."

"इथे मला कोणी कर म्हणत नाय, काका. पिशवी पायरीवर ठेवतात, पाठ फिरवतात आणि निघून जातात." मग म्हणाला, "काकीसारखंच."

काकी भाकरी ठेवायची रे, असं म्हणायचं होतं. तोंडातून फुटलं नाही.

त्या पिशवीतलं तो स्वतःही पिऊ लागला. पुढे पलीकडे पकडला गेला. मी तिथे नव्हतो, पण नाव सांग म्हटल्यावर त्याने काय केलं असेल ते मला माहीत आहे. तुम्हालाही आता माहीत आहे. आत राहून आला तो पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे पिवळे. तिशी आली नव्हती.

मास्तरांचं खरं झालं. शिकलेली माणसं म्हणतात, असली पोरं पुढे असलीच होतात. होत असतील. पण त्याच्यावर किती जणांनी हात उगारला, तेही कोणीतरी सांगावं.

मी त्याला डहाणूच्या दवाखान्यात ठेवला. डॉक्टर म्हणाले, दारूचा थेंब नको आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. हा म्हणाला, "कशाला?" डॉक्टर बिचारा तरुण होता, माझ्याकडे बघायला लागला. गोळ्या उशाशी पडून राहायच्या. मामा एकदा येऊन ओरडून गेला. सिस्टर रागावली, मग हात जोडले, तरी नाही.

एका सकाळी खिडकीत कबुतर येऊन बसलं. मी मनाचा हिय्या केला आणि त्याला म्हटलं, "काय रे, गोळ्या पडून राहिल्यात. कोण घेणार?" माझा आवाज राखणदाराचा. कबुतर उडून गेलं.

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "तुला नाय जमत, काका. तू बघतोस. काकी बघायची नाय."

मी स्टूल फिरवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो. जरा वेळाने मागे पेल्याचा आवाज झाला.

तेव्हापासून मी रोज तसाच बसायचो. गोळ्या जायच्या. पण उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. एका दुपारी तो भिंतीशी बोलताना ऐकू आला. "म्हातारा दमलाय. घरी जाऊन झोपेल तर बरं होईल."

"कशाला?" मी म्हटलं.

तो पुढे काही बोलला नाही. मला वाटलं झोपला. मी वळून बघितलं नाही, त्याला आवडलं नसतं. सिस्टर आली, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा वळलो.

आता घरात कोंबडीही नाही. माठ रिकामा झाला की मी त्याच्याजवळ उभा राहून मोठ्याने म्हणतो, "पाणी संपलं गं. कोण भरणार आता?"

आणि पाठ फिरवून थोडा वेळ थांबतो.