एकेचाळीस नंबरचा पट्टा

एकेचाळीस नंबरच्या गाईनं सकाळच्या धारेला लाथ झाडली आणि मामाचे दोन दात नालीत पडले. मी बाहेर किटल्या धूत होते. आधी मामाची बोंब ऐकू आली, मग रबरी नळीचे सपासप आवाज, मग गाय गुडघ्यावर बसल्याचा धप्प आवाज. मामा रक्त थुंकत तडक मालकाकडे गेला. गाय माजलीय, उद्या कुणाचा तरी जीव घेईल म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा. मालकानं लगेच कत्तलखान्याचा ट्रक बोलावला.

मावशी तिथंच कॅमेरा घेऊन फिरायची. हा कॅमेरा अंगातली उष्णता दाखवतो. गार भाग निळा, तापलेला पिवळा, फारच तापला तर पांढरा. कासेला सूज येणार असेल तर हाताला कळायच्या दोन दिवस आधी मावशीला कळायचं. शाळा चौथीपर्यंत, पण जनावरांचे डॉक्टर तिला विचारून सुई टोचायचे. रोज धार आटोपली की ती दीडशे गाई तपासून वहीत नोंद करायची. धाकट्या भावाला, म्हणजे मामाला, गोठ्यात कामाला तिनंच चिकटवलं होतं.

एकोणीस दिवस एकेचाळीसच्या मांडीवर दोन बोटं रुंद पिवळा पट्टा दिसत होता. तपासणीच्या वेळी पत्र्याच्या फटीतून नेमकं तिथं ऊन यायचं, आणि गाईचं काळं अंग उन्हानं लवकर तापतं. मावशीनं एकोणीस वेळा वहीत लिहिलं, ‘ऊन’. हुशार माणूस चुकतो तो असा.

लाथ बसली त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता. तरी कॅमेऱ्यात पट्टे होते, एकावर एक चार, सगळे दोन बोटं रुंद. मावशीनं एकेका पट्ट्यावर दोन बोटं ठेवून पाहिली. मग मला म्हणाली, वही घे आणि चल.

मालक ट्रकजवळ उभा होता. इंजिन चालूच होतं. मावशीनं फोटो दाखवले आणि सांगितलं, ही गाय माजलेली नाही, हिला रोज मार बसतोय, कोण मारतो तेही सांगते. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. पण एकेचाळीसची धार रोज काढणाऱ्या सख्ख्या भावाकडे तिनं बोट दाखवलं. मामा सुजलेल्या तोंडानं हसला. त्यानं माझ्या हातातली वही ओढली आणि मालकापुढे धरली. एकोणीस वेळा ऊन लिहिलंय, अक्षर हिचंच आहे, आज गाय जाणार म्हणून ऊन पालटलं का, असं तो म्हणाला. मालकानं वही पाहिली आणि ट्रकवाल्याला फळी टाकायला सांगितली.

मावशी फळीवर जाऊन उभी राहिली.

“हो बाजूला, अक्का,” मामा म्हणाला.

“नाही होणार.”

मामानं खांद्यावरची नळी काढली आणि मारली. तोंड वाचवायला तिनं हात वर केला. दुसरा फटका त्याच हातावर बसला, तेव्हा काटकी मोडल्यासारखा आवाज आला. मी मामाच्या पाठीवर किटलीचं झाकण घातलं, जोर लावून घातलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. ट्रकवाल्यानं त्याला मागून कवळ घातली. मालक नुसता बघत राहिला, दगडासारखा.

मावशी पांढरीफटक पडली होती. तिनं बादली उलटी घातली, तिच्यावर बसली आणि मोडका हात मांडीवर ठेवला.

“मालक, पाच मिनिटं थांबा. गरमी वर यायला वेळ लागतो.”

पाच मिनिटं ट्रक तसाच उभा राहिला. इंजिन घरघरत होतं. मी तिचं डोकं पोटाशी धरलं होतं. मग तिनं डाव्या हातानं कॅमेरा उचलून उजव्या हातावर धरला. दोन पिवळे पट्टे, दोन बोटं रुंद. मग तिनं कॅमेऱ्यातला सकाळचा गाईचा फोटो उघडला आणि मालकाच्या डोळ्यासमोर धरला.

मालकानं ट्रक रिकामा परत धाडला. मामाला त्यानं तिथल्या तिथं फाटक दाखवलं. जाताना मामा आम्हा दोघींना घाण घाण शिव्या देत गेला.

हात प्लास्टरमध्ये घालून मावशी परत आली ती थेट गोठ्यात. एकेचाळीसनं तिलाही लाथ मारली, थोडक्यात चुकली. मावशी म्हणाली, मारू दे, तिचा हक्कच आहे. मग ती गव्हाणीच्या कडेला बसून रडली. हात दुखतो का विचारलं तर म्हणाली, हाताचं नाही गं, एकोणीस दिवस मी बघत होते.

लिहायचा हात मोडलेला, म्हणून वही माझ्याकडे आली. एकोणीस ठिकाणी ‘ऊन’ खोड आणि ‘मार’ लिही म्हणाली. कुणी मारलं ते लिहू का, विचारलं. नको म्हणाली, भाऊ आहे.

मी प्रत्येक ओळीत लिहिलं, ‘मामानं मारलं’. रात्र व्हायच्या आधी तिनं वही चाळली. तिनं एकही ओळ खोडली नाही.