कॅमेऱ्यात एकच माणूस

चाळिशीचा चष्मा लागून बरीच वर्षं झाल्यावर मी कॉलेजला गेले. गेले म्हणजे कुठं गेले नाही, कॉलेजच मोबाईलमधून आमच्या घरी आलं. आरोग्यविज्ञानाची पदवी, घरबसल्या, ऑनलाईन. पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं माझं नाव नोंदवलं आणि म्हणाली, "आई, जमलं तर बघ." या पोरीला आईचा स्वभाव अजून कळलेला नाही. 'जमलं तर बघ' असं मला कुणी म्हटलं की ते जमवल्याशिवाय मी सोडत नाही, मग स्वयंपाक करपला तरी चालतो. करपतोच.

मी जामखेडला एका दवाखान्यात केसपेपर लिहायला बसते. नाव, वय, गाव, काय होतंय. डॉक्टरांसमोर माणसं दोन वाक्यांत आटपतात, पण केसपेपरच्या खिडकीशी सगळं सांगतात. "बाई, ही शुगर नेमकी कशानं वाढती?" "ह्या गोळीनं डोकं गरगरतंय, बंद करू का?" मला अर्धवट माहीत असायचं आणि अर्धवट सांगायची भीती वाटायची. "डॉक्टरांना विचारा" म्हणत मी कैक वर्षं काढली. त्याचा शेवटी मला कंटाळा आला. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असेल म्हणून लोक विचारत राहतात, पण खरंच नाही.

आमचं गाव जामखेड आणि खर्ड्याच्या मधे. तिथं बातमी एसटीच्या आधी पोचते. शेजारीण म्हणाली, "आता काय डाक्टरीन व्हती का?"

"डाक्टरीन न्हाई, पर मरायच्या आदी जरा शानी व्हते."

"मग लई येळ लागंल," ती म्हणाली. हा टोला मात्र तिला साधला, मान्य करते.

अभ्यास मी एसटीत केला, दवाखान्यात गर्दी ओसरल्यावर केला, कांदा निवडताना कानात व्याख्यान लावून केला. एकदा कॅमेरा सुरू असताना डुलकी लागली, तर सर म्हणाले, "ताई, तुमचा कॅमेरा बंद करा, बाकीच्यांनाही झोप यायला लागली." तरी परीक्षा दिल्या, पास झाले. आणि मग शेवटच्या वर्षाला नवीन नियम आला: पेपर कॅमेऱ्यासमोर. खोलीत एकच माणूस. आवाज नको, दार बंद. कान दिसले पाहिजेत, म्हणजे डोक्यावर पदर नको. तीन इशारे मिळाले की पेपर आपोआप बंद.

हा नियम करणारा माणूस आमच्याकडे कधी जेवायला आलेला नसणार. आमच्या गावात दिवसा घराचं दार लावत नाहीत. लावलंच तर आत भांडण पेटलंय असं धरून चार बाया चौकशीला येतात. आणि सून दार लावून एकटी बसलीय म्हणजे तर मांत्रिकच बोलवायचा.

पहिला पेपर मी स्वयंपाकघरामागच्या खोलीत द्यायला बसले आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा घेऊन आल्या. तोपर्यंत सुनेला चहा आणून द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, त्यामुळे मला तो चहा थांबवताही येईना. इशारा आला. त्या वाकून स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, "ह्यो कोन गं, तुला कवाधरनं बगतूय?" दुसरा इशारा. मी हातानं 'जा, जा' केलं. "माशी हाय का?" म्हणत त्यांनी माझ्या तोंडापुढं पदर झटकला. पेपर बंद.

तो पेपर पुन्हा द्यायची एकच संधी होती. तीही गेली, तर अख्खं वर्ष परत.

जागेचा प्रश्न होता. रेंज धड येते ती फक्त बैठकीत, ओट्याकडच्या खिडकीपाशी. आणि बैठक म्हणजे मामांची, माझ्या सासऱ्यांची. त्यांची खाट तिथं, पानाचा डबा तिथं, दिवसभर येणारी-जाणारी माणसं तिथं. मी तिथं जाते ती चहा ठेवायला आणि कप उचलायला.

आमचे हे म्हणाले, "कशाला घोळ घालती? जामखेडला भाच्याच्या खोलीवर बस की."

"मी कुटं जायची न्हाई," मी म्हणाले. "पंचवीस वर्सं ह्या घरात ऱ्हाऊन मला एक दार आतनं लावता येत नसंल, तर मी शिकून काय करू?"

ते चपला घालून बाहेर गेले. आमच्या ह्यांचं मत म्हणजे लाईटीसारखं, असेल तर असेल. शेवटी मीच बैठकीच्या उंबऱ्याशी उभी राहिले.

"मामा, सोमवारी माझा पेपर हाय. दोन तास ही खोली पायजे."

"बस की. मी काय करतू तुला? गप पडून ऱ्हातू."

"तुमी नसायला पायजे. कुनीच नसायला पायजे."

मामांनी पानाला चुना लावता लावता हात थांबवला. "म्हंजी मला माज्याच घरातनं भाईर काडती व्हय?"

आतून आत्यांचा आवाज आला, "काडू द्या, काडू द्या. आज खोली, उद्या घर."

"दोन तासच," मी म्हणाले. मी उंबरा सोडला नाही. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. मी मात्र ते हो धरलं.

सोमवारी सकाळी मामा अजून खाटेवर होते. मी लेकीचा जुना लॅपटॉप घेऊन गेले, खिडकीपाशी टेबल मांडलं, झाडून काढलं. त्यांच्या खाटेखालूनही काढलं. ते उठले, पानाचा डबा उचलला आणि ओट्यावर जाऊन बसले. मी दार लोटलं आणि कडी घातली. त्या कडीचा आवाज मी आतून पहिल्यांदाच ऐकत होते.

पदर डोक्यावरून काढला, कान मोकळे केले, कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवला. आणि पेपर उघडायच्या ऐवजी स्क्रीनवर लाल चौकट आली. खाली लिहिलेलं: खोलीत दुसरी व्यक्ती आहे. तिला बाहेर जायला सांगा.

मी मागं वळून बघितलं. मागच्या भिंतीवर थोरले दादा होते.

थोरले दादा म्हणजे मामांचे वडील. मी या घरात यायच्या कितीतरी आधी गेलेले. फेटा, भरघोस मिशा, गळ्यात चंदनाचा हार, कपाळाच्या जागी काचेवर गंध. रोज सकाळी मामा उदबत्ती लावल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्या फोटोला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही, दिवाळीत पुसायलासुद्धा नाही.

टेबल फिरवावं, तर उजेड पाठीमागून येऊन माझाच चेहरा काळा दिसे. वरून टॉवेल टाकावा, तर फोटोतला असला तरी वडीलधाऱ्याच्या तोंडावर कापड टाकायचं? ते कधी टाकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पर्यवेक्षकाचा संदेश आला: कृपया त्या व्यक्तीला सांगा, अन्यथा पेपर सुरू होणार नाही. मला लिहावंसं वाटलं की बाबा, त्या व्यक्तीला सांगायला गेले तर मीच परत यायची नाही. कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं.

मी खुर्चीवर चढले. हात जोडले. खरं सांगते, माफी मागायला नाही जोडले. "दादा, दोन तास उतरा," एवढंच मनात म्हणाले. फोटो खिळ्यावरून काढला आणि मामांच्या खाटेवर, उशीवर नीट आडवा ठेवला. लाल चौकट गेली. पेपर उघडला.

पहिला प्रश्न वाचायला मान खाली घातली, तोच खिडकीवर सावली पडली. गजांपलीकडं मामा उभे होते. त्यांनी आधी रिकामा खिळा बघितला, मग खाट, मग मला. डोक्यावर पदर नसलेली सून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली असेल. त्यांचं तोंड उघडलं. आता ते बोलणार, माईक ते पकडणार, पहिला इशारा येणार. आणि मामा एकदा सुरू झाले की दुसऱ्या-तिसऱ्याला वेळ लागत नाही.

मी ओठांवर बोट ठेवलं.

बाळंतिणीच्या खोलीत पोरांना गप्प करतात तसं, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून. माहेरी कर्जतकडं माझी आई हे बघती, तर तिनं माझा तिथंच निकाल लावला असता. बोट खाली आलं नाही. मामांनी तोंड मिटलं. मग ते मळ्याकडं निघून गेले.

मी पेपर लिहिला. मधुमेहाच्या रुग्णाला आहार कसा समजावून सांगाल, असा एक प्रश्न होता. केसपेपरच्या खिडकीशी मला ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं ती सगळी माणसं डोळ्यांपुढं ठेवून उत्तर दिलं. मग फोटो खिळ्यावर लावला, पदर घेतला, कडी काढली.

ओट्यावरून सगळं बघितलेल्या आत्यांचं बाहेर सुरूच होतं. "सासऱ्याला बोट दावलं हिनं. मेल्या मान्साला खाली उतरावला. ह्या वयात शाळा काय, आन काय काय."

"ओठावं ठेवलं, आत्या, दावलं न्हाई," मी म्हणाले आणि चहाचं आधण ठेवलं.

मामा दुपारी जेवायला आले नाहीत. मळ्यातच भाकरी मागवून घेतली. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, खाटेवर बसले. आमचे हे मला डोळ्यांनी 'आज नको' म्हणत होते. पण मला अजून एक पेपर होता, आणि आज नको म्हणत म्हणत माझी बरीच वर्षं गेली होती. मी चहाचा कप घेऊन गेले आणि उंबऱ्यावर न थांबता आत जाऊन ठेवला.

"मामा, बुधवारी परत पेपर हाय. खोली लागंल."

ते भिंतीकडं बघत होते. मी क्षमा मागेन म्हणून वाट बघत असावेत. मी मागितली नाही. कप उचलून त्यांनी एक घोट घेतला.

"तिरका लावलाय," ते म्हणाले.

मी बघितलं. खरंच दादा डावीकडं कलले होते.

"किती वाजता हाय?"

"अकराला."

"मंग दहाला सांग. मी उतरावतू. तुज्या हातनं खिळा हाललाय." आणि आत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "त्या दिवशी हिकडं चा आनायचा न्हाई कुनी."